दहा बाय बाराच्या हॉलमधल्या टीव्हीला स्पीकर कसा निवडायचा

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) आणला की पंधरा दिवसांत मला बोलावणं येतं. "जरा वर येऊन बघता का? बातम्या अजून नीट ऐकू येत नाहीत." जाऊन बघावं तर सबवूफर (खोल, घुमणाऱ्या आवाजांचा वेगळा डबा) कोपऱ्यात कोंबलेला, बार टीव्हीच्या मागे दडलेला, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सुरूच आणि सगळा कारभार ब्लूटूथवर. वस्तूत खोट क्वचितच असते. क्रम चुकलेला असतो.

बहुतेक घरांत स्पीकर घ्यायचं कारण एकच असतं: संवाद कळत नाहीत. दुकानातून मात्र धमक घरी येते. हा लेख छोट्या हॉलसाठी आहे, साधारण १०×१२ ते १२×१५ फूट. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, खाली-वर-शेजारी माणसं राहणारी. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या तीन टप्प्यांना एक रुपयाही लागत नाही आणि लोक नेमके तेच गाळतात.

## टप्पा १: आधी टीव्हीलाच एक संधी द्या

घरातल्या ज्या माणसाला सगळ्यात कमी ऐकू येतं त्याला त्याच्या नेहमीच्या जागी बसवा. पंखा रोजच्यासारखा, खिडकी रोजच्यासारखी, टीव्हीचा आवाज रोजचाच. पाच मिनिटं बातम्या किंवा मालिका लावा आणि "काय म्हणाला?" हा प्रश्न किती वेळा येतो ते मोजा. माझ्या आईचा आकडा सात होता. तुमचा आकडा कागदावर लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता हे करून बघा:

१. साउंड मोड 'सिनेमा' किंवा 'सराउंड'वर असेल तर 'स्टँडर्ड' किंवा 'क्लिअर व्हॉइस'वर आणा. कंपनीगणिक नाव वेगळं असतं. 'व्हॉइस' किंवा 'स्पीच' असा शब्द असलेला पर्याय शोधा.

२. सेट-टॉप बॉक्सचा आवाज पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करा. बॉक्स अर्ध्यावर आणि टीव्ही साठावर, हा प्रकार निम्म्या घरांत दिसतो.

३. जाहिरात लागली की घर दचकत असेल तर 'ऑटो व्हॉल्यूम' सुरू करा.

४. टीव्हीखालचा क्रोशाचा रुमाल काढा. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. खाली मऊ कापड आणि समोर फोटो फ्रेमची रांग असली की व्यंजनं तिथेच मरतात.

पुन्हा पाच मिनिटं मोजा. आकडा अर्ध्यावर आला असेल तर खरेदी दिवाळीपर्यंत ढकलायला हरकत नाही.

तपासा: समोरासमोर बोलतानाही ती व्यक्ती "काय?" विचारते का? तसं असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. ते काम स्पीकरचं नाही.

## टप्पा २: टेप घेऊन चार मापं

पहिलं माप टीव्हीची खालची कड ते युनिटचा पृष्ठभाग. साउंडबार दोन ते तीन इंच उंच असतो आणि पायांवर उभ्या टीव्हीखाली तेवढी फट बरेचदा नसते. मग बार पुढे ठेवला जातो, स्क्रीनची खालची पट्टी झाकली जाते आणि बातम्यांचा सरकता मजकूर अर्धा कापला जातो. त्याहून वाईट म्हणजे रिमोटचा सेन्सर बहुधा तिथेच खाली असतो. रिमोट चालेनासा झाला की लोक सेल बदलत बसतात.

दुसरं माप टीव्हीच्या दोन पायांमधलं अंतर. बार एक तर त्यांच्यामध्ये बसला पाहिजे नाहीतर त्यांच्या पुढे. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ३८ इंच असते. त्याहून लांब बार छोट्या युनिटवर बाजूंना लटकतो आणि येता-जाता कोपराला लागतो.

तिसरं माप स्क्रीनपासून बसायच्या जागेपर्यंत. सोबत हेही लिहा की सोफ्यामागे किती जागा आहे. शून्य असेल तर शून्य लिहा. टप्पा ४ मधला अर्धा निर्णय या शून्यावर होतो.

चौथं माप प्लगचं, म्हणजे टीव्हीजवळ किती सॉकेट आहेत आणि त्यांतले किती मोकळे. टीव्ही, बॉक्स आणि वायफाय राउटर यांनी तीन घेतलेले असतात. 'वायरलेस सबवूफर'मध्ये वायरलेस असतो तो फक्त सिग्नल. त्याला स्वतःचा प्लग लागतोच आणि तो तुम्हाला हवा तिथे नसतो.

मापं झाली की एक जुनं खोकं कापून बाराच्या आकाराचा पुठ्ठा बनवा आणि दोन दिवस टीव्हीसमोर ठेवा. झाडू-पोछा, मुलांचा चेंडू, संध्याकाळचं निरांजन, सगळं होऊ द्या. माझ्या शेजारच्या काकूंच्या लक्षात दुसऱ्याच दिवशी आलं की त्या जागेवर त्या रोज चष्मा आणि गोळ्यांची डबी ठेवतात.

## टप्पा ३: टीव्हीच्या पाठीचा फोटो

टीव्ही भिंतीवर असेल तर फोन मागे सरकवून फ्लॅशने फोटो काढा. दुकानात विक्रेता विचारेल तेव्हा आठवून सांगण्यापेक्षा फोटो दाखवा. फोटोत हे शोधा:

एचडीएमआयच्या एखाद्या पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' अशी इंग्रजी अक्षरं आहेत का? बहुधा एकाच पोर्टवर असतात. एआरसी म्हणजे त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलट दिशेने स्पीकरकडे जायची सोय. ती २००९ साली एचडीएमआय १.४ सोबत आली, त्यामुळे बऱ्यापैकी जुन्या टीव्हीतही सापडते. स्पीकर याच पोर्टला लावायचा. तिथे आज सेट-टॉप बॉक्स लावला असेल तर तो दुसऱ्या पोर्टला हलवता येतो.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल शोधा, छोटं चौकोनी भोक, टीव्ही सुरू असताना आत लाल उजेड दिसतो. तेही नसेल तर हेडफोनचं गोल भोक. ब्लूटूथ सगळ्यात शेवटी. त्यात आवाज ओठांच्या मागे पडतो. गाण्यांना चालेल, संवादांना नाही.

सावधान: टीव्हीला एआरसी असून स्पीकरला फक्त ब्लूटूथ, ऑक्स (हेडफोनसारखं गोल भोक) आणि यूएसबी असेल तर तुमच्या सोयीचा पोर्ट वाया गेला. स्वस्त मॉडेलांत हे सर्रास असतं. काहींवर 'एचडीएमआय' लिहिलेलं असतं, 'एआरसी' नसतं. दोन्ही एक नाहीत.

## टप्पा ४: कोणती जात घ्यायची

आता माझं मत, आडपडदा न ठेवता.

फक्त संवादांची तक्रार असेल आणि युनिट छोटं असेल तर ३.० किंवा ३.१ साउंडबार बघा. त्यातला 'तीन' महत्त्वाचा: डावा, उजवा आणि मधला. टिंबानंतरचा 'एक' म्हणजे सबवूफर, शून्य म्हणजे तो नाही. सिनेमात आणि मालिकांत बोलणं मुख्यतः मधल्या चॅनेलला असतं. तो स्पीकर वेगळा असला की फक्त बोलण्याचा आवाज वाढवता येतो. ही सोय रिमोटवर किंवा अॅपमध्ये 'सेंटर लेव्हल' किंवा 'डायलॉग' नावाने आहे की नाही ते विचारा. बजेट तेवढं नसेल तर चांगला २.० बार घ्या. स्वस्त ५.१ पेक्षा (त्यात मागेही दोन स्पीकर असतात) तो परवडला.

घरात गाणीही ऐकली जात असतील, नाट्यगीतं असोत की आणखी काही, तर दोन वेगळे पॉवर्ड बुकशेल्फ स्पीकर घ्या. अॅम्प्लिफायर त्यांच्या पोटातच असतो. एआरसी असलेले मॉडेल निवडा. त्यांना युनिटच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी आठ-नऊ इंच जागा लागते. ती असेल तर माझी पहिली पसंती हीच.

५.१ होम थिएटर मी या आकाराच्या हॉलसाठी सुचवत नाही आणि हे स्वतः ठेच खाऊन सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी एक संच घेतला होता. मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या मागे हवेत आणि माझ्या सोफ्याच्या मागे भिंत. एक गॅलरीच्या पडद्याआड गेला, दुसरा चपलांच्या रॅकवर. पडद्याआडून पाऊस ऐकू यायचा तो खरा की सिनेमातला, कळायचं नाही. दोन वर्षांत दोन्ही माळ्यावर गेले. टप्पा २ मधलं तिसरं माप शून्य असेल तर हा पर्याय यादीतून काढाच.

अॅटमॉसच्या, म्हणजे वरूनही आवाज येतोय असं भासवणाऱ्या डॉल्बीच्या तंत्राच्या, मोहात पडण्याआधी वर बघा. वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात. त्यासाठी छत सपाट आणि कडक हवं. मध्ये पीओपीचे टप्पे, झुंबर आणि फिरता पंखा असला की त्यातलं फारसं काही खाली पोचत नाही.

बेडरूममधल्या ३२ इंची टीव्हीला लहानसा २.० बार पुरे. सबवूफर नको.

## टप्पा ५: खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

वॅटवर भाळू नका. आठ फुटांवर बसून रोजच्या आवाजात टीव्ही बघताना स्पीकर जेमतेम एखादा वॅट खर्च करतो. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. त्यामुळे ८० की १२० वॅट हा वाद आपल्या हॉलमध्ये निरर्थक आहे.

'पीएमपीओ' (क्षणभराचे कमाल वॅट) लिहिलेला आकडा तर वाचूच नका. 'आरएमएस' (सतत देता येणारे वॅट) बघा. त्याच्याजवळ बारीक अक्षरात 'टीएचडी १०%' (टीएचडी म्हणजे आवाजातली विकृती) असेल तर तो आकडा आवाज चांगलाच फाटलेला असताना मोजलेला आहे, एवढं लक्षात ठेवा.

'डॉल्बी'चा लोगो आहे म्हणजे आत मधला स्पीकर आहे असं नाही. जाळीमागे प्रत्यक्ष किती स्पीकर आहेत आणि मध्ये एक आहे का, हा प्रश्न विचारा. विक्रेत्याला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान तिथेच उघडा.

## टप्पा ६: दुकानात ऐकायचं कसं

दुकानात डेमो म्हणजे स्फोट, हेलिकॉप्टर आणि काचा फुटणं. त्यावर कुठलाही स्पीकर भारी वाटतो. तुमचा मजकूर फोनमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर घेऊन जा: एक मराठी बातमीपत्र, एक कुजबुजीचा प्रसंग, आणि तबला असलेलं एखादं गाणं जे तुम्हाला पाठ आहे.

१. आधी विक्रेत्याला सगळे 'बास' आणि 'सराउंड' मोड बंद करायला सांगा.

२. बातमीपत्र लावा आणि आवाज दोन माणसं बोलतात तेवढाच ठेवा. कमी आवाजात शब्द सुटे ऐकू आले पाहिजेत. 'स', 'श', 'च' टोचत असतील तर घरी दोन तासांत डोकं धरेल. बातम्या देणारा माणूस मडक्यातून बोलतोय असं वाटलं तर तो स्पीकर सोडा.

३. तबल्यात डग्ग्याची मींड सरकताना ऐकू येते का, की नुसतं 'धुम्म'? सबवूफर सगळं एकाच सुरात घुमवत असेल तर तो घरी आणखी घुमेल.

४. दोन मॉडेलं पडताळताना दोघांचा आवाज कानाला सारखा करून घ्या. जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो आणि काउंटरवर हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तपासा: पैसे देण्याआधी परत करण्याची मुदत विचारा आणि ती बिलावर लिहून घ्या.

## टप्पा ७: जागा

इथे घाई करू नका. सामान्य स्पीकर योग्य जागी ठेवला तर महागड्या पण चुकीच्या जागी ठेवलेल्या स्पीकरला मागे टाकतो.

बार युनिटच्या अगदी पुढच्या कडेला ठेवा. मागे ढकलला तर आवाज आधी लाकडावर आपटतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तर कधीच नको, तो कप्पा ढोलकीसारखा वाजतो. युनिट बुटकं असेल तर बाराच्या पुढच्या बाजूखाली रबराचे तुकडे ठेवून तोंड थोडं वर करा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असतात, आवाज तिकडे जायला हवा.

दोन वेगळे स्पीकर असतील तर त्यांच्यातलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर जवळजवळ सारखं ठेवा, म्हणजे त्रिकोण होतो. आठ फुटांवर बसता आणि युनिट पाच फुटांचंच आहे, तर दोन टोकांना ठेवून किंचित आत वळवा. मागच्या भिंतीपासून अर्धा फूट तरी सोडा, विशेषतः स्पीकरच्या पाठीला भोक असेल तर. एक स्पीकर खिडकीच्या पडद्यात आणि दुसरा मोकळ्या भिंतीला, असं झालं तर बोलणारा माणूस स्क्रीनच्या एका बाजूला सरकतो.

आता खोलीचं. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. 'टण्ण' असा शेपूट आला तर फरशी, काच आणि उघड्या भिंती तुमचे संवाद पुसतायत. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये एक जाड सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदा लावा, मागच्या भिंतीवर पुस्तकांचं शेल्फ असेल तर उत्तम. पुन्हा टाळी वाजवा. नव्या मॉडेलवर जादा पैसे टाकण्याआधी ही सतरंजी घालून बघा.

## टप्पा ८: जोडणी, याच क्रमाने

१. टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर तिन्ही स्विचवरून बंद करा.

२. एचडीएमआय केबल टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून स्पीकरच्या एआरसी पोर्टमध्ये लावा. ऑप्टिकल असेल तर टोकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढा. हसू नका, मी गेल्या वर्षभरात दोन घरांत टोपीसकट घुसवलेली केबल बघितली आहे.

३. सगळं सुरू करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' (एचडीएमआयवरून उपकरणं एकमेकांना सूचना देतात ती सोय) सुरू करा. सॅमसंगमध्ये त्याचं नाव 'एनीनेट प्लस', एलजीत 'सिमप्लिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. याशिवाय एआरसी बरेचदा जागंच होत नाही.

४. टीव्हीच्या 'साउंड आउटपुट'मध्ये एआरसी निवडा, स्पीकरवर 'टीव्ही' किंवा 'एआरसी' हा सोर्स.

५. 'डिजिटल ऑडिओ'चा पर्याय आधी 'पीसीएम' (टीव्हीने उलगडून दिलेला साधा आवाज) ठेवा. आवाज आला की जोडणी बरोबर. बार २.० असेल तर इथेच थांबा. ३.१ असेल तर मग 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' (आवाज न उलगडता स्पीकरकडे पाठवणं) करून बघा. एखाद्याच अॅपमध्ये आवाज गायब होत असेल तर पीसीएमवर परत या.

६. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद झालेत याची खात्री करा. दोन्ही सुरू राहिले तर प्रत्येक शब्द दोनदा येतो, आणि लोक समजतात स्पीकर घुमतोय.

तपासा: वृत्तनिवेदकाच्या ओठांकडे बघा. 'प', 'ब', 'म'ला ओठ मिटतात. ओठ मिटून उघडतात त्याच क्षणी अक्षर ऐकू यायला हवं. आवाज आधी येत असेल तर 'ऑडिओ डिले' थोडा वाढवा. उशिरा येत असेल तर डिले शून्यावर आणा, पीसीएम करा आणि ब्लूटूथ चुकून सुरू नाही ना ते बघा. डिलेच्या सेटिंगने आवाज मागेच ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही.

## टप्पा ९: सबवूफर आणि खालचा मजला

सबवूफर घेतलाच असेल तर तो भिंतींच्या कोपऱ्यातून बाहेर काढा. १२ फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झला आणि १० फुटांमध्ये ५६ हर्ट्झला आवाज घुमतो. सिनेमातली गडगड नेमकी त्या पट्ट्यात असते आणि कोपऱ्यातला सबवूफर तिला सगळ्यात जास्त चढवतो. जागा शोधायची युक्ती अशी: सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, तबल्याचं गाणं लावा आणि स्वतः जमिनीलगत रांगत, जिथे जिथे तो ठेवणं शक्य आहे तिथे कान लावून बघा. जिथे डग्गा स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल ती त्याची जागा. घरचे हसतील, दार लावून करा.

मग त्याची पातळी शून्यावर नेऊन हळूहळू वाढवा. तो वेगळा जाणवायला लागला की एक घर मागे या. खाली जाड रबराची चटई घाला, कारण खालच्यांना त्रास होतो तो स्लॅबमधून उतरणाऱ्या थरथरीचा. हवेतून जाणारा आवाज त्यामानाने थोडाच खाली पोचतो.

रात्री दहानंतर 'नाइट मोड' लावा. त्यात मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणं वर येतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे १० ते ६ आणि निवासी भागाची मर्यादा रात्री ४५ डेसिबल, दिवसा ५५. पण आकड्यांपेक्षा एक साधं काम करा. रात्री साडेदहाला सिनेमा सुरू ठेवून खालच्या मजल्यावर जा आणि त्यांच्या हॉलमध्ये दोन मिनिटं उभे राहा. मी गेलो तेव्हा खालच्या आजोबांनी मला त्यांच्या काचेच्या कपाटाला हात लावायला सांगितलं. दार थरथरत होतं. वर येऊन मी सबवूफर दोन घरं खाली आणला आणि अजून तिथेच आहे.

आता पहिल्या टप्प्यातला कागद काढा. तीच व्यक्ती, तीच जागा, तोच पंखा, पुन्हा पाच मिनिटं. आईचा आकडा सातवरून एकावर आला आणि तो एक कुकरच्या शिट्टीत गेला. तुमचा आकडा हलला नसेल तर 'सेंटर लेव्हल' दोन घरं वाढवा, सबवूफर बंद करून बघा आणि टप्पा ८ पुन्हा एकदा तपासा. तरीही तेवढाच राहिला तर स्पीकर मुदतीच्या आत परत करा. तोवर खोकं आणि आतलं थर्माकोल भंगारवाल्याला देऊ नका.